बोलेरोला पडदा आला, मागच्या बाकाला पट्टा कधी?

दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, महिंद्रा कंपनीने आपली बोलेरो गाडी नव्या सजावटीत बाजारात आणली. त्याच्या दोनच आठवडे आधी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे दर उतरले होते. चार मीटरच्या आत लांबी आणि दीड लिटरच्या आत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर उपकर बसत होता. तो १८ टक्क्यांवर आला आणि उपकर गेला. बोलेरो या मापात बरोबर बसते, त्यामुळे नव्या गाडीची सुरुवातीची किंमत शोरूमच्या दारात आठ लाखांच्या आत आली. मराठवाड्यात त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने आणि पुराने उभं पीक गेलं, तिथं गाडीचं नाव कोण काढणार? पण ज्याच्या हाती उसाचं बिल होतं, द्राक्षाचे पैसे होते किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला होता, तो शोरूमची पायरी चढला. आणि पारावर चर्चा सुरू झाली, "बोलेरोला आता टीव्ही आलाय म्हणे!"

आलाय खरा. पुढच्या बाजूला सात इंची पडदा आहे. त्याला बोट लावलं की गाणी लागतात. स्टिअरिंगवरच आवाज कमी-जास्त करायची बटणं आहेत. मोबाईल चार्ज करायला नव्या पद्धतीचं सॉकेट आहे, दारात पाण्याची बाटली ठेवायला खोबण आहे, वरच्या मॉडेलला चामड्यासारख्या दिसणाऱ्या सीटा आणि चकाकणारी मॅगव्हील आहेत. पुढची जाळी बदलली, धुक्यातले दिवे आले, काळा रंग नवा आला. सस्पेन्शनची जुळणी सुधारली असून तिला 'राइडफ्लो' असं नाव दिलंय. यातलं काहीच वाईट नाही. शेतकऱ्याने गाणी ऐकू नयेत किंवा त्याच्या पाठीला आराम मिळू नये असं कोण म्हणेल? पण गाडीचा मागचा दरवाजा उघडला की तेच दोन आडवे बाक समोरासमोर दिसतात, आणि तिथं खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा नाही. शोरूममधला पोरगा पडदा दाखवायला पाऊण तास घेतो. तो मागचा दरवाजा मात्र विचारल्याशिवाय उघडत नाही.

शेतकरी बंधूंनो, त्या मागच्या बाकावर आपल्या घरातलं कोण बसतं, याचा एकदा विचार करा. पुढे घरमालक. मधल्या सीटवर आजी, सुना, पाहुणे. मागे पोरं. लग्न असो, जत्रा असो, तालुक्याला दवाखाना असो, चिल्लीपिल्ली मागे कोंबायची ही आपल्याकडची रीतच आहे. म्हणजे गाडीतली सर्वांत कमी जपलेली जागा आपण घरातल्या सर्वांत लहान माणसांना देतो.

गावाची गाडी

बोलेरोवर एवढं लिहायचं कारण ही शहरातल्या हौशी माणसाची गाडी नाही. कमांडर जीप आली, ट्रॅक्स आली, १९९४ मध्ये पुण्याच्या टाटांची सुमो आली. या गाड्यांनी आपल्या खेड्यांना तालुक्याशी जोडलं. जिथं एसटी दिवसातून दोनदा येई, तिथं वडाप जीप दहादा येई. त्याच घराण्यात २००० साली बोलेरो आली आणि आपल्या नाशिकच्या कारखान्यातून लाखोंनी बाहेर पडली. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, बोलेरो टिकली. पोलीस ठाण्यापुढे बोलेरो, वनखात्याच्या नाक्यावर बोलेरो, पंचायत समितीच्या आवारात बोलेरो. सरपंच निवडून आला की दारात पहिली बोलेरो, असा तर काही भागांत वाक्प्रचारच झाला होता.

टिकली ती तिच्या बांधणीमुळे. बहुतेक नव्या मोटारींत सांगाडा आणि पत्रा एकच असतो. बोलेरोला खाली शिडीसारखी लोखंडी चासी आहे आणि तिच्यावर वरचा डबा बसवलेला आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. मागे पाट्यांची स्प्रिंग म्हणजे कमान. जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर, टायर पंधरा इंची आणि उंच भिंतीचे. कांद्याच्या चार पिशव्या टाकल्या तरी मागची बाजू फार बसत नाही, आणि पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी दोन तासांत मिळतो. रिकामी गाडी उसळते ती त्याच कमानीमुळे. भार पेलायला ती कडक ठेवावी लागते आणि कडक ठेवली की माणसं उडतात. नव्या गाडीत हीच उसळ कमी करायचा प्रयत्न आहे. कमान मात्र कमानच राहिली, आणि आपल्या कामाला तीच हवी.

लांबीची गोष्टही मजेची आहे. आजची बोलेरो ३९९५ मिलिमीटर लांब आहे, चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी! हे काही योगायोगाने झालेलं नाही. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, ही सवलत केंद्राने २००६ च्या अर्थसंकल्पात आणली. तिचा फायदा मिळावा म्हणून २०१६ मध्ये कंपनीने पुढचे-मागचे बंपर आखडले आणि जुन्या अडीच लिटरच्या जागी दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलेली बोलेरो आणली. म्हणजे आपली गाडी किती लांब आणि इंजिन केवढं, हे इंजिनियरच्या टेबलावर ठरलं तितकंच अर्थमंत्र्यांच्या टेबलावरही ठरलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. सरकारने नियम केला की कंपनी गाडी कापूनसुद्धा त्यात बसवते.

इंजिन आता बापाच्या वेळचं नाही

हे इंजिन १४९३ सीसीचं आहे, ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास आणि ओढ २१० न्यूटनमीटर. ही ओढ १६०० ते २२०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळते, म्हणजे इंजिन फार न किंचाळता चढ चढतं. भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला याची किंमत कळते. तीन सिलिंडर म्हटल्यावर सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती, पण जुन्या मोठ्या इंजिनापेक्षा याची ताकद जास्तच आहे.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती शोरूममध्ये नीट सांगितली जात नाही आणि मग गाडीमालक व वर्कशॉप यांच्यात भांडणं होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. चुलीच्या धुराड्यात काजळी धरते तशी या गाळणीत धरते. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, आणि धूर तापायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालावी लागते. आता आपला वापर बघा. घरापासून मळा दीड किलोमीटर. मळ्यापासून डेअरी एक किलोमीटर. डेअरीवर इंजिन चालू ठेवून गप्पा. अशी गाडी आठवडाभर चालली तर धूर कधी तापायचा? काजळी साठत जाते, पुढच्या फळीवर दिवा लागतो. आपण म्हणतो, "लागू दे, चालतीय तोवर चालवू." मग एके दिवशी गाडीची ताकद जाते आणि टोचन लावून शहरात न्यावी लागते.

उपाय अवघड नाही. दिवा दिसला की त्याच दिवशी गाडी हमरस्त्याला काढून पंधरा-वीस मिनिटं एका चालीने चालवा. मधेच बंद करू नका. ऑइलची पट्टी अधूनमधून बघा. काजळी जाळण्याचं काम वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. पातळी वाढलेली दिसली की "बरं झालं, ऑइल खात नाही" म्हणून खूश होऊ नका, ते धोक्याचं लक्षण आहे. आणि गोठ्यात ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या बादलीतलं ऑइल या इंजिनात अजिबात ओतू नका. या गाळणीसाठी कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये प्रत लिहिलेली असते. साध्या ऑइलची राख गाळणीत बसली की ती जळत नाही, कायमची राहते. भेसळीच्या डिझेलचंही तेच. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाखात फक्त १० भाग असतं, पूर्वी बीएस-४ मध्ये ते ५० होतं. स्वस्तात मिळालेलं, रॉकेल मिसळलेलं बॅरलमधलं डिझेल जुन्या कमांडरने पचवलं असेल. हे इंजिन ते पचवणार नाही.

बाभळीखालच्या मिस्त्रीने पाना घेऊन दुरुस्त करायची गाडी आता राहिली नाही, हे खरं आहे आणि थोडं वाईटही आहे. त्या मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न वेगळा, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पण कंपनीने नियमासाठी एवढं मोठं काम केलं, सगळं इंजिन बदललं, धुराची नळी बदलली, मग मागचा बाक २५ वर्षं तसाच का?

विहिरीचं माप

उत्तर सोपं आहे. त्या बाकाबद्दल नियमच नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम पट्ट्याबद्दल बोलतो. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने आणि मागच्या बाजूला पुढे तोंड करून असलेल्या सीटवर बसणाऱ्याने पट्टा बांधावा, असं तो सांगतो. 'पुढे तोंड करून' हे शब्द नीट वाचा. आडवा बाक त्यात येत नाही. आरसी बुकात मात्र सीटा सात! म्हणजे सरकार माणसं मोजताना सात मोजतं आणि पट्टे मोजताना पाच. आता दुसरी बाजू ऐका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १९४-बी हे कलम आलं. त्यानुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा लहान मुलांच्या खास आसनाने सुरक्षित न करता गाडी चालवली तर १००० रुपये दंड. मग मागच्या बाकावर पोर बसवलं तर काय करायचं? तिथं बांधायला काही नाही आणि न बांधल्याचा दंड आहे. गाडी विकणारा नियमात आणि गाडी चालवणारा गुन्ह्यात, अशी ही तऱ्हा.

आडव्या बाकावर धोका काय असतो, ते आपल्या मापात सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम आदळून थांबली, तर आत न बांधलेलं माणूस त्याच वेगाने पुढे जातं. हा वेग म्हणजे सुमारे ४५ फूट उंचीवरून पडल्यावर जमिनीशी येणारा वेग. ४५ फूट म्हणजे आपल्याकडची एक चांगली खोल कोरडी विहीर. ताशी ८० ला ती विहीर ८० फुटांच्याही खाली जाते. चाळीसला, ज्याला आपण "हळूच चाललो होतो" म्हणतो, त्या वेगालासुद्धा ती २० फूट असते. विहिरीच्या काठावर कठडा नसेल तर आपण पोराला तिकडे फिरकू देत नाही. आणि गाडीत?

समोर तोंड करून बसलेल्या माणसाला निदान पाठीमागे टेकू असतो आणि पट्टा छाती व कमर धरून ठेवतो. आडवं बसलेलं पोर धडकेत कुशीवर फेकलं जातं. मान बाजूला वाकते, आणि बाजूच्या झटक्याला मान फार कच्ची असते. ते शेजारच्यावर आदळतं, मग दोघं मिळून मधल्या सीटच्या पाठीवर. मधल्या सीटवर आजी पट्टा बांधून बसली असली तरी मागून येणारा भार तिला लागतोच. म्हणून युरोपात २००७ पासून नव्या मोटारींमध्ये आडवे बाक बसवायलाच बंदी आहे. तिथं पट्टा लावा असं सांगितलं नाही, बाकच काढा म्हणून सांगितलं, कारण आडव्या बसलेल्या माणसाला पट्टाही नीट सांभाळू शकत नाही.

"पण बोलेरोचा पत्रा जाड आहे, चासी लोखंडी आहे, तिला काय होतंय?" हे वाक्य आपल्याकडं इतक्या वेळा ऐकायला मिळतं की ते खरंच वाटायला लागलंय. बैलगाडीला किंवा मोटारसायकलला धडक दिली तर बोलेरोला कमी लागतं, हे कबूल. पण समोर ट्रक आहे, पुलाचा कठडा आहे, वडाचं झाड आहे, तिथं जाड पत्र्याचा काय उपयोग? चांगली गाडी पुढच्या बाजूला ठरवून चेपते आणि तो झटका स्वतः खाते, माणसं बसतात तो डबा मात्र शाबूत राहतो. न चेपणारी गाडी झटका आतल्या माणसापर्यंत पोचवते. याच कंपनीच्या बोलेरो निओ या धाकट्या भावाची ग्लोबल एनकॅप या संस्थेने धडक-चाचणी घेतली. तीही शिडीच्या चासीची, तिलाही मागे आडवे बाक. एप्रिल २०२४ मध्ये निकाल आला : पाचपैकी एक तारा, मोठ्यांसाठीही एक आणि मुलांसाठीही एक. निओ आणि बोलेरो या वेगळ्या गाड्या आहेत, एकीचा निकाल दुसरीला लावता येत नाही. पण "लोखंडी चासी म्हणजे सुरक्षित" या समजुतीला तो निकाल लागू होतो.

कंपनीला चांगली गाडी करता येत नाही असंही नाही. याच महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये, एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये आणि स्कॉर्पिओ-एन ला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले. स्कॉर्पिओ-एन ची चासीसुद्धा शिडीचीच आहे. म्हणजे विद्या घरात आहे. ती महाग गाडीला मिळते आणि गावाच्या गाडीला पडदा मिळतो, हा माझा आक्षेप आहे.

पूर्वी एवढं बोललं जात नव्हतं, कारण पूर्वी रस्तेच तसे नव्हते. खडीच्या रस्त्यावर तीसच्या वर गाडी जायची नाही. आज गावाबाहेर डांबरी, तालुक्याला चौपदरी, आणि समृद्धी महामार्ग तर नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. तिथं लहान गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. शिर्डीला दर्शनाला निघालेली बोलेरो त्याच मार्गावरून जाते, मागे चार पोरं आणि त्यांच्या मांडीवर पिशव्या. रस्ता बदलला, वेग बदलला, बाक मात्र कमांडर जीपच्या जमान्यातला. मोठ्या माणसांचंही पट्ट्यावाचून काय होतं ते सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात दिसलं. उद्योगपती सायरस मिस्त्री महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते, पट्टा बांधलेला नव्हता, आणि सूर्या नदीच्या पुलावर त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या सीटला पट्टा होता तरी. आपल्या पोरांच्या बाकाला तो नाही.

कोणी म्हणेल, "साहेब, नऊ माणसांचं घर आहे. बोलेरो नाही तर काय, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवू? एका मोटारसायकलवर चौघं जाऊ?" हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ट्रॉलीपेक्षा आणि पिकअपच्या हौद्यापेक्षा बोलेरोचा बाक बराच बरा. एसटी वेळेवर आणि पुरेशी असती तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते. पण सातजणांच्या कुटुंबाला सातही सीटा पुढे तोंड करून आणि पट्ट्यासह चार मीटरच्या आत देता येतात, हे सिद्ध झालेलं आहे. रेनो कंपनीची ट्रायबर २०१९ पासून बाजारात आहे. लांबी चार मीटरच्या आत, बोलेरोपेक्षाही किंचित कमी, आणि तिसऱ्या रांगेतही समोर तोंडाची सीट व पट्टा. ती पेट्रोलची हलकी गाडी आहे, बोलेरोची मेहनतीची कामं तिच्याकडून होणार नाहीत. "चार मीटरमध्ये जागाच नाही" हे कारण मात्र आता कोणी देऊ नये. आणि जमतच नसेल तर बोलेरो पाच सीटांची विका, मागे सपाट जागा द्या. आम्ही तिथं दुधाचे कॅन ठेवू, बियाणं ठेवू. पण तिला सात सीटांची म्हणून विकू नका.

मागणी दोघांकडे आहे. एक केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे. मंत्री नितीन गडकरी आपल्या नागपूरचे आहेत, अपघातांबद्दल ते जाहीरपणे कळवळून बोलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू केली, हे चांगलं केलं. पण ती ऐच्छिक आहे, ज्याला पास व्हायची खात्री आहे तो परीक्षेला बसतो. तिच्याही आधी आडव्या बाकाचा नियम करा. नव्या खासगी मोटारीत आडवा बाक सीट म्हणून मोजायचा नाही, एवढी एक ओळ पुरे. चार मीटरच्या एका ओळीने कंपन्यांनी बंपर कापले होते, या ओळीने बाक फिरवतील.

दुसरी मागणी आपल्याच जिल्ह्यातल्या खुर्च्यांकडे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, आरोग्य विभाग दरवर्षी गाड्या घेतात किंवा भाड्याने लावतात. निविदेत रंग लिहितात, एसी लिहितात, महिन्याचे किलोमीटर लिहितात. "सर्व सीटा समोर तोंडाच्या व तीन टोकांच्या पट्ट्याच्या" हे का लिहीत नाहीत? आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिबिराला निघालेली शाळेची मुलं त्याच बाकांवर बसतात. हे लिहायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

गाडी घ्यायला जाणाऱ्याने पडदा शेवटी बघावा. आधी मागचा दरवाजा उघडून बाक बघा. मग मधल्या सीटच्या मध्यावर कसला पट्टा आहे ते बघा, नुसता कमरेचा की खांद्यावरचा. धडक-चाचणीचा निकाल असेल तर कागदावर मागा. गाडी घरी आली की पुढे लोखंडी गार्ड बसवायची घाई करू नका. असले गार्ड बेकायदा आहेत, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना तसं कळवलंय. शिवाय झटका ओळखून एअरबॅग उघडणाऱ्या यंत्रणेला गार्ड गोंधळात टाकतो. ८० च्या वर टीं-टीं वाजतं म्हणून वायर तोडून आणणारे बहाद्दर आहेत, त्यांना काय म्हणावं! वडाप करणाऱ्यांना एकच सांगणं : खासगी पासिंगच्या गाडीत भाड्याचे प्रवासी घेतले आणि काही घडलं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते. मग भरपाई शेतातून जाते.

आणि ज्यांच्या दारात आधीपासून बोलेरो आहे त्यांनी बाक फिरवायला वेल्डिंगच्या दुकानात जाऊ नये. सीट आणि पट्टा जिथं चासीला धरतात ती जागा धडकेचा ओढा सोसेल अशी तपासून केलेली असते. दोन बोल्ट आणि एक रॉड मारून ते साधत नाही, आणि असा फेरफार कायद्यातही बसत नाही. पोरांना मधल्या सीटवर घ्या, पट्टा बांधा. मोठी माणसं जास्त झाली तर दोन खेपा करा. मागच्या बाकावर सामान ठेवा, तेही दोरीने आवळून, कारण सुटलेलं खताचं पोतंसुद्धा धडकेत मधल्या सीटवरच येतं.